पाठ नसलेला कॅमेरा

थ्री-सिक्स्टी कॅमेऱ्याला पाठ नसते. पुढे एक भिंग, मागे एक भिंग, दोन्ही बेडकाच्या डोळ्यांसारखी बाहेर आलेली. चारी बाजूंचं, वरचं, खालचं सगळं एकाच वेळी आत जातं. नंतर कॉम्प्युटरवर दोन्ही चित्रं जोडायची. बघणाऱ्याने व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला की तो थेट मांडवात उभा, मान वळवेल तिकडचं त्याला दिसतं. इतकी साधी गोष्ट. अमरावतीच्या राजापेठेतल्या माझ्या स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ती सांगतो आणि एकाच्याही डोक्यात शिरत नाही. "पन थो कॅमेरा कोनीकडे पाहून राहिला?" असं विचारतात. अरे बाप्पा, सगळीकडे पाहून राहिला! "हो, थे समजलं. पन त्याचं तोंड कोनीकडे हाय?" आता काय डोकं फोडून घ्यायचं का?

पंचवीस वर्षं लग्नं शूट करतोय आणि मला लग्नं आवडत नाहीत. माणसं तर त्याहून आवडत नाहीत. नेमका हार घालायच्या क्षणी मोबाईल वर करून माझ्या कॅमेऱ्यापुढे उभा राहणारा काका, लाईटच्या वायरीत पाय अडकवून वर मलाच शिव्या देणारा पाहुणा, "आमचा फोटो काढला नाही" म्हणून जेवणाच्या पंगतीत तोंड फुगवून बसलेली आत्या. हे सगळे मला पाठ आहेत. व्हीआरचं खूळ आलं तेव्हा मला आनंद झाला तो एवढ्यासाठीच, की या कॅमेऱ्याजवळ कोणीच उभं राहायचं नसतं. शूटिंगवाल्यानेसुद्धा नाही. बटण दाबायचं आणि खांबाआड निघून जायचं.

पहिला रिग मी स्वतःच जुळवला होता. लोखंडी कडं वेल्डिंग करून घेतलं, त्यात सहा छोटे कॅमेरे बसवले आणि छाती फुगवून बाळापूरच्या एका लग्नात घेऊन गेलो. मे महिना. भर मंगलाष्टकात सहातले दोन कॅमेरे तापून बंद पडले. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात नवरदेवाच्या मावशीने नवीन यंत्र आहे म्हणून सगळ्या भिंगांना हळदकुंकू लावून ठेवलं होतं, बोटाने, अगदी मधोमध. घरी येऊन जोडलं तर वर लाल-पिवळे ढग आणि जिथे नवरदेवाचा बाप हवा तिथे काळं भोक. "आमचा बाप कुठं गेला?" नवरदेव विचारतो. मी म्हटलं, "ढगात." माझा मार थोडक्यात हुकला.

मग दोन भिंगांचा कॅमेरा घेतला आणि चुका करकरून शिकलो. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचा. वर ठेवला तर बघणाऱ्याला आपण हवेत लटकलोय असं वाटतं, खाली ठेवला तर सगळे अंगावर आल्यासारखे दिसतात. एकदा ठेवला की हलवायचा नाही, नाहीतर चष्मा लावलेल्या माणसाच्या पोटातलं बाहेर येतं. स्टँड बारीक पाहिजे, त्याचे पाय नंतर पुसून टाकता येतात. आणि दोन चित्रांच्या मधे जी शिवण येते, तिच्यावर जवळचा माणूस येऊ द्यायचा नाही. आला तर त्याचं अर्धं नाक इकडे, अर्धं तिकडे. बाकी जवळचा माणूस भिंगाच्या बरोबर समोर असला तर काही बिघडत नाही. मग तो पुढच्या भिंगासमोर असो की मागच्या. उलट तो इतका खरा दिसतो की हात लावावासा वाटतो.

हे सगळं मला येत होतं. येऊनही मी जे केलं ते सांगायला बसलोय.

माझी मोठी बहीण तेल्हाऱ्याला दिलेली. काळ्या जमिनीचं, कपाशीचं, एकत्र राहणारं घर. अकरा वर्षांपूर्वी दाजी गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेले. भाची तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून ताई आणि भाची, दोघी ताईच्या थोरल्या दिराच्या हाताखाली. आमच्याकडे थोरल्या दिराला भासरा म्हणतात आणि बाईने भासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, तोंड वर करून बोलायचं नाही. ताईने अकरा वर्षं हे पाळलं. आणि त्या माणसाने ते पाळून घेतलं.

मला तो माणूस डोळ्यांपुढे नको होता. त्याने ताईला उपाशी ठेवलं नाही, भाचीला शिकवलं, हे खरं. पण शिकवलं ते अख्ख्या तालुक्याला सांगत शिकवलं. ताईवर तो कधी ओरडला नाही. लग्नकार्य निघालं की फक्त म्हणायचा, "मांडवातलं आमच्या घरची पाहील, तुमी कोठीखोलीचं पाहा." कोठीखोली म्हणजे सामान ठेवायची खोली. साखरेच्या पोत्यांजवळ माझी बहीण आणि बाहेर हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्याची बायको मिरवतेय! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याच्या तोंडावर बोलणारा सगळ्या सोयऱ्यांत मी एकटा होतो. दोनदा तर आमची भर पंगतीत जुंपली. "कोनत्या जमान्यात राहून राहिले तुमी भाऊ?" मी म्हणायचो. तो मिशीवरून हात फिरवत म्हणायचा, "रीत हाय थे."

दाजी गेल्यानंतरचं पहिलं लग्न अकोल्याचं होतं, चुलत घरातलं. ताई मांडवाच्या दारात उभी होती आणि बायका तिच्याकडे पाहून आपसात कुजबुजत होत्या. मी कॅमेऱ्यावर होतो. मला राहवलं नाही. मी तिला हात धरून आणलं आणि म्हटलं, "ताई, माह्या मागं उभी राह्य. कोनाले दिसनार नाहीस." ती उभी राहिली. माझी बॅटऱ्यांची पिशवी धरून अख्खं लग्न तिने तिथून पाहिलं. पुढच्या लग्नात ती आपण होऊनच तिथे आली. मग ती जागा तिचीच झाली. मला त्याचा अभिमान होता. त्या घरातून बहिणीला मी वाचवतो, कोठीखोलीतून बाहेर काढतो, असं मी चारचौघांत सांगायचो. त्या अकरा वर्षांतल्या आमच्या घरच्या एकाही अल्बममध्ये ती नाही. हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मग भाचीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा. त्याचा भाऊ परदेशात, त्याला सुट्टी मिळेना, म्हणून त्यांच्याकडून व्हीआरची मागणी आली. मी मामा आणि शूटिंगवालाही मीच. कन्यादान कोण करणार यावरून तेल्हाऱ्याच्या घरात भडका उडाला. भाची म्हणाली, आईच करेल. भासरा म्हणाला, एकट्या बाईनं कन्यादान केल्याचं ऐकलं काय कोनी, मी अन् माह्यी बायको बसू. भाचीने मग ताईलाच धरलं. "तू एकदा म्हन आई, का मी बसतो. फक्त एकदा म्हन. मंग बाकीच्याईले मी पाहून घेतो."  ताई खाली पाहत राहिली. पोरगी रागाने लाल झाली आणि बोलून गेली, "मंग मांडवात येऊच नको तू. बस थ्या पोत्याईपाशी."

हे सगळं माझ्यासमोर झालं. मी भासऱ्याला वाट्टेल ते बोललो. त्याचा काही उपयोग झाला नाही.

अकोल्याचं कार्यालय. उन्हाने पत्रे कडकड वाजत होते. कॅमेरा मी स्टेजच्या खाली, पहिल्या खुर्च्यांच्या पुढे ठेवला, एक भिंग स्टेजकडे, एक खुर्च्यांकडे. भोवती दोरी बांधून वाटोळी जागा मोकळी केली. मोठे लाईट वर खांबांना बांधून स्टेजवर रोखले. लाईट असे की स्टेजवरच्या माणसाला समोर नुसता पांढरा उजेड, खालचं कोणी दिसायचं नाही. मी मामा, मला भाचीला घेऊन मांडवात यायचं होतं. घाई, घाम, भटजींचं "मामा, मुलीला आणा" सुरू झालेलं. तेवढ्यात ताई दारात दिसली. पदर डोक्यावर, हात पोटाशी. मी पळता पळता तिला म्हटलं, "जाय ना ताई, कॅमेऱ्यामागं जाय."

म्हणजे मी म्हटलं. दिवसातून दहा गिऱ्हाइकांना याला पाठ नसते म्हणून ओरडून सांगणारा मी.

अकरा वर्षांची सवय. ताई दोरीखालून आत गेली आणि कॅमेऱ्यामागे, खुर्च्यांच्या बाजूला, स्टेजकडे तोंड करून उभी राहिली. खुर्च्यांतल्या लोकांना तिची पाठ. स्टेजवरच्यांना लाईटामुळे काहीच नाही. मी भाचीच्या कोपराला धरून तिला वर चढवलं. तिने दोनदा मान उचलून समोर पाहिलं. कोणाला शोधतेय ते मला कळत होतं. "आहे, आई आहे" एवढं मी म्हणू शकलो असतो. पण तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मी तिच्यामागे मामाच्या जागेवर उभा राहिलो.

पाठवणीच्या वेळी भाची सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझ्या, काकूच्या, अगदी त्या भासऱ्याच्यासुद्धा पाया पडून रडली. ताईपाशी आली आणि रडणं थांबवून म्हणाली, "भेटला का वेळ?" आणि गाडीत बसली. त्यानंतर तिने आईला फोन केला नाही. ताईचा उचललाही नाही. ताईने तिला सांगायला पाहिजे होतं, की मी होते ग, पाहिलं मी. पण ताईला लग्नाच्या दिवशी मांडवात गेल्याचं त्या घरात राहून फोनवर बोलायचं नव्हतं. आणि बोलली असती तरी पोरीने विश्वास ठेवला नसता.

आठवड्याने मी स्टुडिओत जोडायला बसलो. दोन्ही भिंगांचं चित्र कॉम्प्युटरवर आधी सपाट दिसतं, पोळपाटावर लाटलेल्या पोळीसारखं, पुढचं-मागचं सगळं शेजारी शेजारी. कन्यादान आलं. मधोमध स्टेज. भासरा आणि त्याची बायको, हातात कलश, पाण्याची धार. आणि चित्राच्या डाव्या कडेला, कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर, ताई.

शिवणीवर नाही, मागच्या भिंगाच्या बरोबर समोर, म्हणून लख्ख आली होती. कपाळावरचा घाम दिसत होता. भटजी सांगत होते ते ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. पदराखालून तिने दोन्ही हात बाहेर काढले होते आणि ओंजळ तिरपी करून हळूहळू पाणी सोडत होती. ओंजळीत काही नव्हतं. स्टेजवरची धार संपेपर्यंत तिने हात तसेच धरले, मग पदराला पुसले. रिकामे हात पुसले! मी खुर्ची मागे ढकलून उठलो आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. रडलो. लाजायचं काय त्यात, रडलो.

आता त्या माणसाच्या कानावर हे कसं गेलं? तो आपण होऊन आला. कापसाच्या कामाने अमरावतीत आला होता, तर म्हणे माझं कन्यादान कसं आलं पाहू. मी नाही म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसला. सपाट चित्र समोर होतंच. स्वतःला पाहून मिशीवर हात गेला. मग नजर डावीकडे गेली आणि हात तिथेच राहिला.

"हे काय करून राहिली हे?"

"तुमी जे करून राहिले तेच," मी म्हटलं.

"एका पोरीचे दोन कन्यादानं झाले काय? सोयरे पाहतीन, परदेशात जाईन हे. काय म्हनतीन लोकं? काढ तिले यातून."

"नाही काढत."

"तुले काढता येते. स्टँडचे पाय पुसतो म्हून तूच फुशारक्या मारत होता ना?"

"स्टँड हाय काय थे? माह्यी बहीन हाय!" मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या ट्यूशन क्लासमधून सर वर आले. पण भासरा काही आवाज चढवणाऱ्यातला नाही. तो उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "माह्यं ऐकू नको. तिले विचार. तिले कोनाच्या घरात राहाचं हाय थे तिले मालूम हाय."

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज इतका खाली की मला दुकानाचं दार लावून घ्यावं लागलं. "काढून टाक रे. म्या काय केलं थे मले समजलंच नाही. कोनी पाहून नाही राहिलं असं वाटलं मले. काढून टाक, तुह्या पाया पडतो. मले याच घरात राहाचं हाय."

"अन् पोरीचं काय?"

 ती म्हणाली, "काढ."

काढणं सोपं होतं, हेच वाईट. कॅमेरा हललेला नाही, म्हणजे ताई यायच्या आधीचा त्याच जागेचा तुकडा घ्यायचा आणि तिच्यावर चिकटवायचा. पंधरा मिनिटांचं काम. केलं मी. ताई उभी होती तिथे लाल सतरंजी आली आणि कोणाचा तरी दुपट्टा टाकलेली रिकामी खुर्ची. शिवण दिसत नव्हती. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नसेल आणि मला त्याची किळस आली. मी दोन्ही फायली ठेवल्या. एकीत ती होती, एकीत नव्हती. एक दिली तर पोरीला आयुष्यभर कळणार नाही की आई मांडवात होती. दुसरी दिली तर ताईला त्या घरात रोज ऐकावं लागणार. दोन आठवडे मी तारीख पुढे ढकलत राहिलो. अकोल्याहून फोन येत, मी खोटं बोलत असे. कधी कॉम्प्युटर बिघडला, कधी लाईट गेली.

शेवटी भाचीच म्हणाली, मी येऊन घेऊन जाते. त्याच दिवशी भासरा ताईला घेऊन देवीच्या दर्शनाला अमरावतीत आला होता. दर्शन झालं आणि तिला घेऊन सरळ माझ्याकडे. काढली की नाही ते स्वतः पाहायचं होतं त्याला, ताईच्या देखत. भाची अकोल्याच्या बसने आली. मायलेकी लग्नानंतर पहिल्यांदा समोरासमोर आल्या. भाची म्हणाली, "कशी हाय?" ताई म्हणाली, "बरी हाय." नंतर दोघी माझ्या दुकानातल्या फोटोंकडे पाहत बसल्या.

मी न पुसलेली फाईल लावली. ताईसाठी लावली असं सांगितलं तर छान वाटेल ऐकायला. पण खोटं कशाला सांगू? भाचीचाही विचार माझ्या डोक्यात त्या क्षणी नव्हता. मला त्या माणसाच्या तोंडावर ती मारायची होती. चष्मा लावला की हातभर अंतरावर ताई उभी दिसेल, रिकाम्या ओंजळीची, त्याच्याएवढीच उंच. डोळे मिटल्याशिवाय सुटका नाही. बघ म्हणावं. एवढाच विचार होता. ताईला मी आधी खुणेने सांगून ठेवलं होतं की काढलं. तिच्याशीही खोटं बोललो.

भासऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, पट्टा आवळला, जरा जास्तच आवळला. तो खुर्चीत ताठ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसतात तसा. आणि नाकासमोर पाहत राहिला. स्टेज दिसलं असणार, कलश दिसला असणार, स्वतःचा नवा सदरा दिसला असणार. डावीकडे मान किंचित वळवली, कारण कॉम्प्युटरवर ती डावीकडे होती. तेवढ्याने काय होतं? ती त्याच्या पाठीमागे होती.  वळ ना! एकदा मागे वळ! पण कन्यादान संपेपर्यंत तो स्वतःलाच पाहत बसला. चष्मा काढून माझ्या हातात दिला. "ठीक हाय. काढली. चांगलं आलं."

ताईने सुस्कारा सोडला. माझा चक्क मुखभंग झाला. इतकी तयारी करून त्या माणसाला काही झालंच नव्हतं.

"मले दाखव मामा," भाची म्हणाली आणि त्याच खुर्चीवर येऊन बसली. खुर्ची फिरती होती. आता थांबवायला हवं होतं आणि थांबवायला माझ्याकडे कारण नव्हतं. तिने चष्मा लावला आणि लहान पोरासारखी गोल फिरायलाच लागली. वर पाहिलं, खाली पाहिलं, "मामा, तू किती जाडा दिसून राहिला बे स्टेजवर!" म्हणून हसली. पाहुण्यांना हुडकून हुडकून नावं ठेवली. मग पुन्हा फिरली आणि खुर्ची थांबली. पायाने टेकून तिने ती थांबवली.

ती ज्या भिंतीकडे तोंड करून बसली होती तिथे माझं कपाट होतं.  चष्म्याच्या कानाजवळच्या स्पीकरमधून भटजींचा बारीक आवाज येत होता. तिने हळूच दोन्ही हात पुढे केले, एकाखाली एक, जसे मुली कन्यादानाला धरतात. हवेत धरले. नेमके जिथे धरायला हवे होते तिथे. मला माहीत होतं, भासऱ्याला नव्हतं, ताईला एका क्षणात कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे आयुष्यात कोणी पाहिलेलं नाही.

चष्मा काढला तेव्हा भाचीचं तोंड ओलं झालेलं होतं. ती आईपाशी गेली नाही. जागेवर बसूनच विचारलं, "आई, तू होती तेथं. साऱ्या टायमाले होती. मंग मले दिसली काहून नाहीस? तेथं लपवून कोनं उभं केलं तुले?"

भासरा खाकरला. "पोरी, आपल्या घरची रीत..."

"तुमी थांबा जरा," ताई म्हणाली.

भासऱ्याशी थेट बोललेले तिचे हे पहिले शब्द मी ऐकले. पदर डोक्यावरच होता. तिने माझ्याकडे बोट केलं. "यानं. अकरा वर्षं झाले. पह्यल्या लग्नात बोलला, का माह्या मागं उभी राह्य. थ्या दिवशीबी यानंच."

"ताई, म्या तं तुले वाचवाले..." मी म्हटलं. "बाया पाहत होत्या, बोलत होत्या. कोनाले दिसू नये म्हून..."

"म्या म्हनलं होतं काय तुले, का मले दिसाचं नाही म्हून?"

ती ओरडली नाही. तिने खरंच विचारलं, उत्तर पाहिजे असल्यासारखं. मी शोधलं. पहिल्या लग्नात, दुसऱ्या लग्नात, अकरा वर्षांतल्या सगळ्या मांडवांत शोधलं. तिने असं कधीच म्हटलं नव्हतं. ती मांडवाच्या दारात उभी होती, एवढंच. दारात उभा माणूस आत यायला उभा असतो. मी तिला हात धरून आत आणलं आणि तिसरीकडेच नेऊन ठेवलं.

भाची उठली. आईच्या शेजारी जाऊन बसली आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "मामा, तुमी दोघंबी बाहेर जा."

"दुकान माह्यं हाय बे," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं.

"जाय बाहेर."

आम्ही बाहेर आलो. दार आतून लागलं. खाली राजापेठेचे हॉर्न, ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या, आणि अरुंद जिन्यात मी आणि तो, खांद्याला खांदा लागत होता. सरकायला जागा नव्हती. त्याने टोपी घातली, काढली, परत घातली. घाबरलेला होता तो. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. "म्या सारं पाह्यलं," तो म्हणाला, "काहीच नव्हतं त्याच्यात. आपल्या दोघाईले काहून काढलं तिनं बाहेर?"

या माणसासाठी माझ्याकडे अकरा वर्षांच्या शिव्या साठलेल्या होत्या. त्यातली एकही तोंडात आली नाही.

"आपुन दोघाईनं मिळून ताईले मागं ठेवलं भाऊ," मी म्हटलं, "म्हून."